नायगार्डची प्रत

मंगळवार, १४ जानेवारी
आर्विड नायगार्डला काढायचं ठरलंय. कॉरिननेच सांगितलं. वाद्यवृंद तिच्याच हाताखाली, म्हणजे पक्कं. एकतीस वर्षं हा माणूस डुलुथच्या आमच्या नाट्यगृहात, रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून क्लॅरिनेट वाजवतोय. वय एकाहत्तर. पण करार असा, की तालमीत सगळ्यांसमोर तीनदा चुकल्याशिवाय खुर्ची काढून घेता येत नाही.
"आणि तो मेला चुकत नाही," कॉरिन म्हणाली. "नुसता झोप आणतो."
प्रत्येक वादकाच्या वाट्याचे सूर कागदावर उतरवून द्यायचं काम माझं. मग म्हणाली, "नाचाच्या तुकड्यात बाकीच्यांना सलग लिहून दे. त्याला उड्या दे."
सलग लिहिलं तर चार पानं, डावीकडून उजवीकडे वाजवत जायचं. उड्या घातल्या तर दोनच – खाली आलं की मागे खुणेवर जायचं, तिथून पुन्हा वाजवायचं, आणि मध्येच उडून शेपटीवर, म्हणजे शेवटच्या तुकड्यावर यायचं. चांगल्या डोळ्यांना काही नाही. नायगार्डचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं.
हो म्हटलं. खोटं तर काहीच लिहायचं नाहीये.

बुधवार, १५ जानेवारी
त्याची प्रत वेगळी केली. एरवी उड्या घातल्या की स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला सगळं वाजवून दाखवायला लावते. ते खुणा मुकाट पाळतं, चूक लगेच कानावर येते. आज नाही लावलं. चारला द्यायचं होतं. पावणेचारला दिलं.

शुक्रवार, १७ जानेवारी
पहिली तालीम. मी मागच्या रांगेत, पेन्सिल घेऊन. उडी मारली आणि नायगार्ड एक माप, म्हणजे तालाचं एक आवर्तन, पुढे. सोळा जण एकीकडे, हा एकटा पुढे.
ट्रम्पेटवाला डेनिस म्हणाला, "आर्विड, बस पकडायचीय का कुठली?" सगळे हसले. तोही हसला.
कॉफीच्या सुट्टीत माझ्याकडे आला. "मर्ना, एकदा बघशील? कान म्हणतो परत जायची खूण नवव्या मापावर हवी. कागदावर दहाव्यावर आहे."
"तपासलंय मी."
"मग माझंच चुकत असेल. तुझ्या कागदात कधी चूक सापडली नाही मला."
डबा पुढे केला. बायकोने केलेला वेलचीचा पाव. घेतला एक तुकडा.
तपासलं नव्हतं.

सोमवार, २० जानेवारी
दुसऱ्यांदा. आज तो आधी कानाने बरोबर गेला होता. मग कागदाकडे पाहिलं, आणि बदललं.

मंगळवार, २१ जानेवारी
तिसऱ्यांदा. कॉरिनने सगळ्यांना थांबवलं.
"आर्विड, बाकी सोळा जणांना जमतं. तुम्हालाच का नाही?"
"माझ्या कागदावर असंच आहे."
"कागद सगळ्यांचा एकच आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.
मग तिने त्याला एकट्याला वाजवायला लावलं. एकदा. पुन्हा एकदा. एकट्याचं वाजवणं चुकीचं आहे की बरोबर, कुणाला कळणार? तरी ती बोटाने मोजत राहिली आणि प्रत्येक वेळी "नाही" म्हणाली. डेनिस बुटाकडे बघत होता.
नायगार्डने क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला. "गाडी गोठायच्या आत निघतो," म्हणाला.

गुरुवार, २३ जानेवारी
पत्र गेलं त्याला. त्याच्या जागी मिनिआपोलिसहून ब्रिन टॉलेफ्सन येतेय. कॉरिनने जेवायला नेलं. जंगली तांदळाचं सूप, मीठ कमी.
"ब्रिनलाही उड्यांचीच प्रत दे," म्हणाली. "उद्या कुणी बोट दाखवायला नको. तुझ्याशिवाय जमलं नसतं हं."

सोमवार, २७ जानेवारी
नायगार्डची प्रत परत आली. त्याने टपालाने पाठवली, दुमडू नये म्हणून मागे पुठ्ठा लावून.
धोक्याची जागा असेल तिथे आमचे वादक पेन्सिलीने कागदावर छोटा चष्मा काढतात, म्हणजे इथे नीट बघ. त्याने दहाव्या मापावर काढला होता. नवव्यावर एक प्रश्नचिन्ह, खोडलेलं. खाली बारीक अक्षरात: मर्ना म्हणते दहा.
संगणकावर मूळ उघडलं. नऊ. त्याच्या प्रतीत खूण ठेवताना माझाच हात एक माप पुढे सरकला होता. इतरांच्या कागदावर खूणच नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही.
मग सॉफ्टवेअरला त्याची प्रत वाजवायला लावली. तेही एक माप पुढे गेलं. जरासुद्धा न अडखळता.
म्हणजे तिन्ही वेळा त्याने मी लिहिलं तेच वाजवलं होतं.

मंगळवार, २८ जानेवारी
खूण नवव्या मापावर आणली. नवी प्रत छापली. जुनी कापून टाकली, पुठ्ठा ठेवला. शुक्रवारी ब्रिन पहिल्याच खेपेला बरोबर वाजवेल. आणि सगळे म्हणतील, बघा, कागदात काहीच नव्हतं.