जाताना "येतो" म्हणालास

विसरभोळ्या लेका,

आई आहे तुला, आठवतंय ना? मी अंगठाबहाद्दर सांगतेय, तुझी बायको लिहून घेतेय.

निघताना तू "येतो" म्हणालास. सगळेच म्हणतात रे. पण तुझ्या लेकीला आडून बोललेलं कळत नाही. तिच्या खास शाळेतून आली की ती दाराशी बसते. उठवलं तर भिंतीवर डोकं आपटते. मीही बसते मग, जोडीला.

यायचं नसेल तर फोनवर तिला सरळ "जातो" म्हण. अशुभ तर अशुभ. निदान पोर उठेल.

सूनबाईनं पेन खाली ठेवलं. "आई, हे मी नाही पाठवणार. त्यांनी खरंच म्हटलं तर?"

"लिही गं, शेवटचंच आहे," आई म्हणाली.

खारी बिस्किटं पाठव. अख्खी बघून घे. तुटलेलं ती खात नाही.

तुझी,
आई