एडन आमच्याच गावात होतं

बाबा, मागच्या आठवड्यात मी एडनला जाऊन आले. एसटीने तुमच्या गावापर्यंत आणि पुढे काजूच्या बागेतून पायवाटेने. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, मी स्वतः पासष्टी ओलांडली, तेव्हा कुठे माझा पाय निघाला. बोटीवर नोकरी करून आलेल्या जुन्या खलाशांनी तिथल्या किनाऱ्याला देशोदेशींची नावं ठेवली होती, ती अजून तशीच आहेत. गवताचं पातंही उगवत नाही असा भाजलेला काळा कडा, तो एडन. पाण्यात सरळ उभे असलेले दगडी खांब म्हणजे मिसर देश. पलीकडे डोळे दिपवणारा पांढऱ्या वाळूचा पट्टा, ती विलायत. लाटा कड्यावर इतक्या जोरात आपटत होत्या की पायाखालचा दगड हादरत होता. गुरं राखणारी एक बाई म्हणाली, "फुडे जाव नको. एडन वर्साक एक माणूस खाता." मला तुमची आठवण आली. ती प्रेमाने आली असं खोटं लिहिणार नाही.

माझ्या लहानपणी पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि आपण नदीपलीकडे काळेवाडीत एका खोलीत राहत होतो. भरतीच्या दिवशी मुकादमाने विचारलं, आधी कुठे होतास? तुम्ही म्हणालात, दोन वर्षं एडनला होतो. होतातच की, कड्याखाली खडकाला चिकटलेली कालवं काढायला. गावात सगळे असंच बोलत, त्यात लबाडी नव्हती. पण घाटावरच्या मुकादमाला वाटलं गडी बोटीवर होता, आणि त्याने तुम्हाला थेट बॉयलरवर घातलं. लबाडी आली ती नंतर. सगळे तुम्हाला 'बोटवाले' म्हणू लागले आणि तुम्हाला ते आवडलं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही अरबांच्या आणि उंटांच्या गोष्टी सांगायचात. उंट तुम्ही जन्मात पाहिला नव्हता.

मी आठ वर्षांची होते. विहिरीवर शेजारची बाई भेटली. ती तळेगावकडची, तिचा नवरा तुमच्याच बॉयलरवर. "तुजा बा लई देश हिंडलाय म्हनं," ती म्हणाली.

"एडन आमच्या गावातच आहे," मी म्हणाले. "आईसुद्धा तिथे कालवं काढायला जायची."

ती पदर तोंडाला लावून हसली. आपण काहीतरी हुशारीचं बोललो असं वाटून मीही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडल्यावर तिच्या नवऱ्याने तुम्हाला विचारलं, "काय बोटवाले, एडनाला बैलगाडी जाती व्हय?" सगळे हसले. तुम्ही शेजारी ठेवलेला लोखंडी पाना उचलून त्याच्या जबड्यावर हाणलात. तो पडला, तरी पुन्हा हाणलात. त्याच्या डब्यात त्याचेच दोन दात पडले होते, असं लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत. चौघांनी तुम्हाला धरलं आणि उभ्या उभ्या नोकरी गेली.

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी पाटी घेऊन बसले आहे. तुम्ही दारात उभे राहता. सदऱ्यावर रक्त आहे, ते तुमचं नाही. "कोणी सांगल्यान?" तुम्ही विचारता. आवाज चढलेला नाही, म्हणून जास्त भीती वाटते. तुम्ही आधी माझ्याकडेच बघता. मी पाटीत मान घालते. आईही एकदा माझ्याकडे बघते आणि म्हणते, "मीच सांगलंय." तुम्ही फुंकणी उचलता. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसतो, दुसरा तिने आडव्या धरलेल्या हातावर. मनगट मोडल्याचं मला ऐकू येतं. तव्यावरची भाकरी जळून धूर होतो, तरी तुम्ही थांबत नाही.

तिचा उजवा हात वाकडाच राहिला. ती डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली, आणि तुमच्या शेवटच्या दुखण्यात त्याच डाव्या हाताने तिने तुम्हाला पेज भरवली. त्या हाताबद्दल तुम्ही तिला एकदाही काही विचारलं नाही. तिने मला कधी काही ऐकवलं नाही.

कड्यावर उभं राहून मोठ्याने सांगायचं ठरवून गेले होते, की मी सांगितलं होतं. तिथे तोंड उघडलंच नाही, म्हणून हे लिहायला बसले. आणि आता लिहिताना कळतंय की ते कबूल करणं काही अवघड नाही. आठ वर्षांच्या पोरीला कुणीही माफ करील. अवघड हे आहे, की आई "मीच" म्हणाली आणि तुम्ही माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे वळलात, तेव्हा मला हायसं वाटलं. फुंकणी तिच्या अंगावर पडत होती आणि मी सुटले म्हणून मला बरं वाटत होतं. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं, म्हणून तुम्हाला लिहिलं.