सोमवारचा हात

डिचोली,
८ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप बाबांस,
जानकीचा साष्टांग नमस्कार.

इथे आम्ही सगळी खुशाल. दुकानात खोकल्याच्या औषधाला उसंत नाही. पाटीवर आता ‘गोवा राज्य’ रंगवून घेतलंय, झोकात दिसतं. साईश रोज शाळेत जातो, कंपासपेटी रोज घरी राहते.

आईच्या पत्रातून कळलं, तुम्ही कापऱ्या हाताच्या गोळ्या बंद केल्यात आणि शिलाईच्या मशीनवर चादर टाकलीत. का, ते मला विचारायची गरज नाही. पण आधी औषधाचं बोलते, त्यात मी पक्की आहे.

गोळ्या चालू होत्या तेव्हा सोमवारी तुमचा हात थरथरत नसे, सुईत दोरा पहिल्याच खेपेला जायचा. आई म्हणते, देवाची कृपा. असेल. पण सोमवारी तुमचा उपास, दुपारची गोळी रिकाम्या पोटी जायची. इतर दिवशी ती मासळीच्या हुमण-भाताबरोबर. पणजीच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "तिथेच घोळ आहे!" ही गोळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचावी लागते. दोन्हीकडे पहारा कडक. मासळी पचून जे तयार होतं, तेही त्याच दारांनी आत जातं. चोपड्याच्या फेरीबोटीत मासळीवाल्या पाट्या घेऊन आधी चढल्या की आपण धक्क्यावर राहतो ना, तसं गोळीचं होतं.

मासळी सोडू नका. गोळी जेवणाआधी तासभर, वाटीभर पातळ पेजेबरोबर घ्या, म्हणजे मळमळणार नाही. सुरुवातीला अर्धीच. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे.

आता उरलेलं. पुडीवर ‘जेवणाबरोबर’ लिहिलंय ते माझंच अक्षर. आणि मी आले होते त्या मंगळवारी, शेजारच्या गोकुळदासांच्या कोटाची काजं वाकडी झाली तेव्हा, "काल बरा चालत होता हात! सोंग आहे सगळं," असं त्यांच्यादेखत म्हणाले तीही मीच. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात माजो गे बाये, सोंग कित्याक करू?" बाबा, मला त्याची फार लाज वाटते.

येत्या मंगळवारी येते. सोमवारी नाही, मुद्दाम. साईशचा सदरा आणते, त्याची काजं दुसऱ्या कुणाकडून घालून घेतलेली नाहीत. दोरा गेला तर उत्तम, नाहीतर मी ओवून देईन. गोकुळदासांना बोलावून ठेवा. त्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच तुमचे पाय धरीन.

तुमची चुकलेली,
जानकी