लाल दोरी आधी

रवि. ११ जाने.

कादिर चाचांचा नंबर आज पण नाय आला. तिसरा रविवार. बिनमोटरची रिमोटवाली ग्लायडर नऊ, त्यांना ओढणारं मोटरचं विमान, आमचा ओढ्या, एकच. एक ग्लायडर दोरीनं वर न्यायचं, सोडायचं, ओढ्या खाली आणायचा, मग दुसरं. ओढ्याचा रिमोट माज्या हातात, म्हणून मलाच जास्त वाईट वाटतं.

नऊला क्रिकेटवाले आले, स्टंप ठोकले. संपलं. गव्हाणच्या बाजूला उडवायचो तवा असं नव्हतं. विमानतळ आला, तिकडं बंदी झाली, म्हणून आता डोंगराखाली या माळावर. तो पण नऊपर्यंतच आमचा.

चाचांनी नंबर परत कॉलेजच्या पोरांना दिला. "जाऊ दे, त्यांच्या परीक्षा आहेत." सात महिने लावून बनवलेलं पांढरं ग्लायडर डिकीतून आलं तसं डिकीतून गेलं.

बापूस स्कूटरवर: "तुजा चाचा लोकांना वाडून वाडून सोता उपाशी राहील."

मंगळ. १३

मी कामाला हाय त्या मखराच्या दुकानात फोमचे तुकडे उरले ते चाचांना द्यायला पनवेलात गेली. चाचा नमाजला गेलेले. चाची सरबत देऊन हळूच बोलली, चाचांच्या डोळ्यात काचबिंदू हाय. बाजूचं दिसायचं कमी होत चाललंय. २९ ला ऑपरेशन. जे गेलं ते परत येणार नाय, उरलंय ते टिकवायला.

चाचा आले. मी काय विचारलं नाय. तेच बोलले. "वर गेलं की ठिपका दिसतो बेटा. ठिपका पण जाईल. त्याच्या आत एकदा उडवायचंय, बस."

म्हंजे दोन रविवार.

रात्री झोपताना डोक्यात आलं, दोन एकदम का नाय न्यायचे?

गुरु. १५

दुकानात शेठ जेवायला गेल्यावर फोमचे दोन तुकडे आणि सुतळी घेऊन करून बघितलं. एक दोरी लांब, एक आखूड. लांबवालं मागं आणि थोडं वर, आखूडवालं पुढं. सुटताना मागचंच आधी सुटलं पायजे. पुढचं आधी सुटलं तर ते मागं पडतं आणि सरळ मागच्याच्या तोंडात.

लांब दोरी लाल, आखूड पिवळी. लाल आधी. एवढंच.

प्रधान सरांना मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. सर क्लबचे अध्यक्ष, नवीन पनवेलला राहतात, रिटायर इंजिनियर, प्रत्येक गोष्टीला रजिस्टर. शेवटी पाठवून फोन उशीखाली ठेवला. उत्तर आलं: "मोटर खेचेल का?"

मी: "हो"

सर: "बघू रविवारी."

बापसाला सांगितलं. "दोन रेडे एका गाड्याला न् हाकनारी तू? तुज्या तोंडातून तं च्या पायजे क नको ते पन निघत नाय!"

रवि. १८



पहिल्यांदा क्लबची दोन जुनी ग्लायडरं लावली. ओढ्या धावला, धावला, मला वाटलं आता उठतच नाय, मग उठला. मागं दोन, रांगेत, बदकाची पिल्लं जशी. लाल सुटलं, पिवळं सुटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी रजिस्टरमध्ये लिवलं पण.

मग सर बोलले, आता मी आणि चाचा. सर लालवर, चाचा पिवळीवर. सरांनीच सगळ्यांना परत नियम वाचून दाखवला. लाल आधी.

वर गेलो. आता सरांनी सोडायचं. आणि सर काय बोलतात?

"चाचा, तुम्ही आधी. तुम्ही वडील."

"नाही नाही सर, तुम्ही अध्यक्ष."

"असं कसं, तीन आठवडे थांबलायत तुम्ही."

"आपण सोडा हो."

हातात रिमोट घेऊन दोघं एकमेकाला आग्रह करतायत, लग्नाच्या पंगतीत जिलबीचा करतात तसा. ओढ्या वर वर चाललाय. मी दोघांच्या मधे उभी. मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. नाय निघाला.

शेवटी चाचांनी मान ठेवला. सोडलं.

पांढरं मागं पडलं, सरांच्या पंखाला लागलं. मी दोन्ही दोऱ्या टाकल्या. सरांचा पंख तुटला. चाचांचं गवतात पडलं, शेपूट गेलं.

चाचा सरांची माफी मागत होते. सर चाचांची. माजी कोणीच नाय, आणि मी पण कोणाची नाय मागितली.

सोम. १९

ग्रुपवर सरांचा मेसेज. दोन-दोन बंद.

संध्याकाळी चाचांचा फोन. "बेटा, शेपूट चिकटवायचंय. माझ्या डोळ्यांनी सरळ येणार नाही." गेली. त्यांनी धरलं, मी चिकटवलं. शेवटी सांगून टाकलं, चूक माजी हाय, मी बोलायला पायजे होतं.

चाचा हसले. "मला आणि सरांना तू काय सांगणार? 'ए म्हाताऱ्या, थांब' म्हणणार?"

तेच तर. मोठ्या माणसांना कसं सांगू. पण घरी येताना वाटलं, माणसाचं नाव कशाला घ्यायचं? दोरीचं घ्यायचं. "लाल!" "पिवळी!" दोरीला कसला मान. आणि हाक ओढ्यावाल्यानंच द्यायची, म्हंजे पंगत बसायलाच नको.

बुध. २१

सरांच्या घरी गेली. मेसेज नाय, सोताच. बिल्डिंगखाली अर्धा तास उभी होती ते लिवत नाय.

सरांनी ऐकून घेतलं. बोलले, "एकदाच. पण माझ्या कानापर्यंत हाक आली नाही तर मी दोरी लावणारच नाही."

शुक्र. २३

बापूस रोज कामावरून आला की मला खाडीच्या बांधावर नेतो. तो लांब जाऊन उभा राहतो. आयकलं तर हात वर करणार.

"लाल!"

हात खाली.

"लाल!"

"कोन मेला क काय? जोरान् बोल!"

काल सातव्या वेळेला हात वर गेला. आज तिसऱ्या. मासं पकडणारा एक काका विचारतो, पोरगी काय विकते?

रवि. २५

सरांनी नवीन पंख लावलेला. पावणेनऊला आमचा नंबर. वर गेलो.

"लाल!" सगळा माळ वळून बघायला लागला. सरांनी सोडलं. बरोबर.

"पिवळी!"

चाचांनी सोडलं नाय.

परत बोलली. चाचा एकदम हळू, "बेटा, तुझ्या ओढ्याच्या मागं आहे तोवर मला दिसतंय. दोन मिळून मोठं दिसतं. एकटं सोडलं की..."

मी ओढ्या गोल फिरवत ठेवला. एक फेरी. दोन. बॅटरी किती उरली ते मनात मोजत होती. बापसाला बोलली, चाचांच्या मागं उभा रहा आणि ग्लायडर कुठं हाय ते सांगत रहा. त्याला विमानातलं ओ की ठो कळत नाय. पण गेला.

"पिवळी, चाचा."

सोडलं.

बापूस: "हां, तो मोबाइलचा टावर दिसतो? त्याच्या वर. आता तुमचे हातावर. दुसरे हातावर वो!" मी ओढ्या उतरवला आणि पळत जाऊन बापसाच्या जागी उभी राहिली. थोडं डावीकडं. आता सरळ. आता घार हाय बाजूला, घारीसोबत फिरा. चाचांचा खांदा माज्या हनुवटीला लागत होता, तो पहिला कडक होता, मग सैल झाला.

अकरा मिनिटं. उतरवलं पण त्यांनीच. क्रिकेटवाले बॅटा घेऊन बघत उभे होते, नऊ वाजून गेले तरी.

चाचा बोलले, ऑपरेशननंतर महिनाभर उन्हात यायचं नाय. मग परत, असंच, तू मागं.

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. नियमात हाय, उडवणाऱ्याला सोताला दिसलं पायजे. खाली माणसं असतात. ते पण खरं. मला पण खरं वाटतं. "पुढच्या रविवारी मीटिंग घेऊ. तू बोल, सगळ्यांसमोर."

चाचांच्या बाजूनं बोलायचं तर खालच्या माणसांचं काय. नाय बोलली तर चाचांचं उडवणं...

मंगळवारी त्यांच्याकडं जाईन. आधी त्यांनाच विचारते, शेवटी शेवटी, खाली येताना, किती दिसत होतं. खरं खरं.