विरजणासाठी डोंबिवली

२८ एप्रिल, सोमवार

विरजण संपलं. श्रियाने दुपारी साखर घालून वाटी चाटूनपुसून साफ केली. घरात दुसरं दही नाही. अक्षदा म्हणाली, "आई, खाली डेअरीतून आणते ना." सून चांगली आहे, पण विकतच्या दह्याचं विरजण मी आजवर लावलेलं नाही. श्रिया पाच वर्षांची. विचारते, "आजी, विरजण म्हणजे दह्याची आई?" म्हटलं, हो. "मग मी तिची आई खाल्ली?" आणि रडायला लागली. तिला गप्प करायला शेवटी गूळ द्यावा लागला.

२९ एप्रिल, मंगळवार

आमच्या जुन्या शेजारणीला, नीलाला फोन केला. वर्तकनगर सोडून डोंबिवलीला गेली तेव्हा माझ्याच दह्यातलं चमचाभर घेऊन गेली होती. ते अजून तिच्याकडे नांदतंय! म्हणाली, "माहेरी आणून सोडू, की न्यायला येतेस?" शनिवारी सगळ्यांनी जायचं ठरलं.

हे म्हणाले, "चमचाभर दह्यासाठी एवढं पेट्रोल? आणि काटकसरीवर प्रवचन तू देतेस." उत्तर दिलं नाही. उपास होता.

१ मे, गुरुवार

केदारला सुट्टी. कोलशेतचं घर बघून आला. आमची बिल्डिंग पाडणार, महिनाअखेर खाली करायची, नवी होईपर्यंत भाड्याने राहायचं. घर तेविसाव्या मजल्यावर. श्रियाला पोहायचा तलाव. मंगळवारी आगाऊ रक्कम देणार.

घर छान असेल. पण तिथे मी कोणाचं दार वाजवू? देऊळही लांब. बोलले नाही. पोरगा एवढा धडपडतोय, त्यात आपली कुरकुर कशाला. गणपतीपुढे मात्र बोलले.

३ मे, शनिवार — मुक्काम डोंबिवली

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, घरी जाऊन वहीत चिकटवीन. मुक्कामाला यायचं नव्हतंच मुळी.

चारला निघालो. केदारची गाडी, पुढे हे, मागे आम्ही तिघी, मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा. शीळफाट्याला ट्रकच ट्रक. गाडी मुंगीसारखी. श्रियाला उलटी झाली, ती थेट ह्यांच्या नव्या रुमालात. मी स्तोत्र म्हणायला लागले तर केदार म्हणतो, "आई, मोठ्याने म्हण, पुढच्या ट्रकवाल्याला ऐकू जाऊ दे."

पोचलो तेव्हा नीला तुळशीपाशी दिवा लावत होती. मिठी मारली, रडली, हसली. चहा झाला. मग मी वाटी पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"शैले, दिवेलागण झाली. आता दही देऊ मी?"

"काकू, चमचाभर तर हवंय," केदार.

"तुझ्या आईनेच शिकवलंय मला. तिन्हीसांजेनंतर घरातलं दही बाहेर द्यायचं नाही. विचार तिला."

खरंच मीच शिकवलेलं. केदार माझ्याकडे बघतोय, मी वाटीकडे.

"राहा आज. सकाळी ने," नीला म्हणाली, आणि तिचे यजमान मधुभावोजी गाद्या काढायला उठलेसुद्धा. केदारला त्यांचा पायजमा पोटरीपर्यंतच येतोय. श्रिया हसून लोळली.

पिठलंभात, मिरचीचा ठेचा. बोलून बोलून घसा बसला.

४ मे, रविवार

सकाळी नीलाने देवापुढे ठेवून मग विरजण दिलं. श्रियाने वाटी दोन्ही हातांत धरली. "आता मी हिला खाणार नाही," म्हणाली.

अक्षदा मात्र बराच वेळ बाहेर पॅसेजमध्ये, समोरच्या कुलूपबंद दारापाशी, नीलाशी बोलत उभी होती. मला वाटलं, ठेच्याची कृती विचारतेय. गाडीत म्हणाली, "आई, तुम्ही काल जेवढं बोललात ना, तेवढं लग्नापासून मी तुम्हाला बोलताना ऐकलं नाही." मी म्हटलं, जुनी मैत्रीण भेटली की होतं असं. केदारने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

दूध कोमट करून विरजण लावलं. पेट्रोल कुठल्या खाती लिहावं कळेना. शेवटी देवधर्मात टाकलं.

५ मे, सोमवार

दही घट्ट लागलं! ह्यांनी दोनदा मागून घेतलं. पेट्रोलचं नाव नाही काढलं.

६ मे, मंगळवार

आज कोलशेतला पैसे द्यायचे होते. केदार संध्याकाळी आला, देवापुढे एक किल्ली ठेवली. नीलाच्या समोरचं घर. अक्षदाची बँक डोंबिवलीतच, तिची रोजची दगदग वाचेल, म्हणाला. अक्षदा म्हणाली, "ते आहेच. पण मी नीलाकाकूंना त्यासाठी नव्हतं विचारलं."

मी किल्लीला हळदकुंकू लावलं. श्रिया म्हणाली, "आजी, तिकडे रात्री दही संपलं तर?"

म्हटलं, तर सकाळपर्यंत थांबायचं. दार समोरच आहे.