धारच्या तलावातली उलांडी

धार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भास्करास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सुखात आहे. आईला तसेच सांग. इथली थंडी मला मानवते. तिचा खोकला कसा आहे?

मुंज तलावात होडी कशी चालली, म्हणून विचारतोस. छान चालली. माझ्या धाकट्या दिरांनी, भावोजींनी, ती आमच्याच चौकात बांधली. कलंडू नये म्हणून बाजूला लावतात ते लाकूड, आपली उलांडी, मी काथ्याने बांधली. देवगडच्या परसात अण्णांनी आपल्या दोघांना शिकवली होती, तशीच. शीडही मीच शिवले. होडी घरात होती तोवर सासूबाईंना माझे केवढे कौतुक!

पाण्यात सोडायच्या दिवशी मी म्हटले, मीही बसेन. इकडून सांगणे झाले, "घराण्याच्या सुना उघड्या पाण्यावर जात नाहीत." मग पडदे सोडलेल्या दमणीत बसून राहिले. "भाभीसाब, नाव तो उडी री हे!" होडी जणू उडतेच आहे, असे गाडीवान ओरडला. मला दिसली ती तेवढीच. भावोजींना शेला-पागोटे मिळाले. माझी बोटे काथ्याने सोलली होती, त्यांना लावायला सासूबाईंनी लोणी दिले.

अण्णांनी तुला हत्यारे दिली आणि मला इकडे दिले. तुझा त्यात काय दोष!

नव्या होडीला माझे नाव देणार म्हणतोस. नको देऊस. तुझी बायको प्रमोदिनी अजून किनाऱ्यावरच उभी असते ना? आधी तिला होडीत बसव, मग मला पत्र लिही.

थोरांस नमस्कार, लेकरांस पापे.

तुझी,
अक्का