बोलणाऱ्याला कापायचं नाही

बापू,

तुला कॉम्प्युटर समजावून सांगायची मला हौस नाही. पण या आठवड्यात कामावर जे सापडलं, ते पाहून आधी तूच आठवलास, आणि आठवलास तो रागानंच.

मी यवतमाळात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. प्रत्येक सर्व्हरवर नोंदी ठेवणारा एक प्रोग्रॅम असतो. कोण आलं, कुठं काय बिघडलं, ते बाकीचे त्याला कळवतात आणि तो निमूट लिहून घेतो. आमचा प्रोग्रॅम जुना, कुणीतरी घाईत लिहिलेला. निरोपासाठी त्यानं ठरावीक जागा राखली आहे, पण आलेला निरोप तिच्यात मावतो का, हे तो मोजतच नाही. लांबलचक निरोप आला की जागेबाहेर सांडतो आणि शेजारचं पुसून टाकतो. शेजारीच लिहिलेलं असतं, हे काम संपल्यावर पुढं काय करायचं. पाठवणारा लबाड असला तर नेमकं तिथं स्वतःचं म्हणणं बसवतो. मग अख्खा सर्व्हर त्याचंच ऐकतो. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. मी त्याला तुझी बैठक म्हणते.

तू तांड्याचा कारभारी, नायकाच्या खालोखाल तुझा शब्द. ताई मार खाऊन घरी आली, आता सासरी जाणार नाही म्हणाली, तेव्हा बैठक आपल्याच अंगणात बसली. तिचा सासरा बोलायला उभा राहतो. खानदान, रीत, पूर्वजांचे बैल, कोणाच्या लग्नात कोणाचा मान राहिला, सगळं उकरून काढतो. आमची याडी, आईच ती, दारातून तुला खुणावते आहे, त्याला आवर म्हणून. तू तिला हळूच म्हणालास, "बोलनाऱ्याले मंधात कापाचं नाही. पोट खाली झालं का मानूस शांत होते." त्याचं पोट काही खाली झालं नाही. दिवस कलला, लोकांना घरी गुरं बांधायची होती, ताईला विचारायचं राहिलंय हे कुणाच्या ध्यानातही उरलं नाही. "तं मंग उद्या पाठवा पोरीले," असं म्हणून सासरा बसला, आणि तेच तू निकाल म्हणून सांगितलंस. ताई म्हणाली, "बापू, मले बी बोलाचं हाय." तू म्हणालास, बैठक उठली आता.

तांड्यात तुला अजून सोशिक आणि न्यायी म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ताई गेली ती गेलीच. सणावारी येते, विचारलं की "बरं हाय" म्हणते.

दुरुस्ती अगदी लहान होती. आधी लांबी मोजायची, मावेल तेवढंच घ्यायचं, उरलेलं तोडायचं. साहेब कुरकुरले, नोंद अपुरी राहील, कुणाचं तोडायचं कशाला म्हणाले. मला वाटलं तूच बोलतोयस. मी इतकी तावातावानं भांडले की त्यांनी नाद सोडला. तुझ्यावर मात केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्याच दुपारी, दुरुस्ती चढवत असताना ताईचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. "तुले काई सांगाचं होतं," म्हणाली, आणि कोंबड्यांचं, विहिरीच्या पाण्याचं, तुरीचं, असं दुरूनच बोलू लागली. मी म्हणाले, "ताई, थोडक्यात सांग." ती मग म्हणाली, "बरं हाय."

मी अजून तिला परत फोन लावलेला नाही.